झुंबरबाईंची जागा

१

रोज सकाळी नऊ ते दहा मी फोन बघायचे. ते माझं काम होतं. मिरजगावात हे कुणाला पटवून देणं हेच त्याहून मोठं काम होतं.

"झालं का बोट फिरवून?" माधवकाका विचारायचे.

माधवकाका म्हणजे माझे सख्खे काका. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि काकूच्या नावानं त्यांनी 'इंदू मसाले' काढले. घरामागे पत्र्याची शेड, एक कांडप यंत्र, तीन बायका. मसाला खरोखर चांगला होता. पण तो कर्जतच्या पुढे कुणाला माहीत नव्हता. काका म्हणायचे, चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही. न खपलेला चांगला माल मी त्यांच्याच शेडमध्ये डोळ्यांनी बघितला होता.

मी संगमनेरला जाहिरात आणि माध्यमांची पदवी घेतली होती. बाबांना मात्र माझ्याकडून बी.एड. हवं होतं. बरीच भांडणं होऊन ठरलं ते असं: उन्हाळ्याचा हंगाम माझा. आखाड लागेपर्यंत रीलवरून पुरेशा ऑर्डरी आल्या तर मी इथे राहणार, नाही तर मुकाट्यानं बी.एड. 'मुकाट्यानं' हा शब्द बाबांचा.

रीलचं गणित काकांच्या गणितापेक्षा सोपं आहे. एखादं गाणं, एखादा हातवारा अचानक सगळीकडे दिसायला लागतो. दोन दिवस तो ताजा असतो. पाचव्या दिवशी दूध डेअऱ्या आणि कापडदुकानंही तोच करतात, आणि सहाव्या दिवशी तो शिळा होतो. पहिल्या दोन दिवसांत पकडला तर लोक थांबून तुम्हाला बघतात.

मी नेहमी पाचव्या दिवशी पोचायचे.

२

शेडमधल्या तिन्ही बायका दाराकडे तोंड करून एका ओळीत बसायच्या. समोर मिरचीचा ढीग, हातात देठ मोडण्याचं काम. त्यांच्या पाठीमागे आतली भिंत, आणि तिला लावलेली धण्याची पोती. चित्रात ते फार रडकं दिसायचं. म्हणून मी दाराशेजारची भिंत पिवळी रंगवून घेतली, तिच्यावर लाल अक्षरांत 'इंदू मसाले' लिहून घेतलं आणि फोनचं स्टँड आतल्या पोत्यांजवळ उभं केलं. वर फायबरचा पत्रा होता, त्यातून उजेड छान पडायचा. आता पिवळ्या भिंतीला पाठ लावून कुणीतरी बसायला हवं होतं. पुढे उभी राहून मी हातवारे करणार, मागे ती बाई शांतपणे मिरच्या निवडणार.

मी झुंबरबाईंना निवडलं. साठीच्या असतील. रापलेला चेहरा, ठसठशीत कुंकू, आणि हात इतके चपळ की बघत राहावं.

"आतल्या भिंतीकडं तोंड करून न्हाई बसत आमी," झुंबरबाई म्हणाल्या.

"का?"

"न्हाई बसत."

"अहो, पण काही कारण?"

मालनबाई खुदकन हसल्या. त्या तिघींत सगळ्यात तोंडाळ. "कारण कसं कळंल ताई? कुनी बसून बघितलंच न्हाई की."

मनकर्णाबाईंनी आपलं सूप थोडं दाराकडे सरकवलं.

मला या गोष्टींचा संताप येतो. कारण विचारलं की गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्याला रीत म्हणायचं. घरात हेच, कॉलेजात हेच, इथेही हेच. मी झुंबरबाईंचं बारदान स्वतः उचललं आणि पिवळ्या भिंतीपाशी अंथरलं.

"बसा. आणि एक सांगते, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

"मंग कुठं बघू? समूर त्योच हाय."

"मिरच्यांकडे बघा."

त्या बसल्या. बसताना त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

३

कांडपाच्या शेडमध्ये सगळे खोकतात. यंत्र सुरू झालं की घसा धरतो, डोळ्यांना धार लागते, बोलता बोलता ठसका येतो. त्याची इतकी सवय होते की आपण खोकलो हे आपल्यालाच कळत नाही. चित्रफीत जुळवताना माझा निम्मा वेळ खोकले कापण्यात जायचा. आठवड्यात मला ते आवाजावरून ओळखू यायला लागले. मालनबाईंचा फटाक्याच्या माळेसारखा. मनकर्णाबाईंचा एकच, कोरडा. झुंबरबाईंचा लांबलचक, आणि शेवटी "आई गं".

चैत्रातल्या एका दुपारी मी एक रील केली. यंत्र बंद होतं. मालनबाई आणि मनकर्णाबाई बाहेर लिंबाखाली डबा खायला गेल्या होत्या. चित्रात पुढे मी होते, मागे झुंबरबाई. सतराव्या सेकंदाला खोकला ऐकू आला.

मी ते चार वेळा मागे नेऊन बघितलं. माझे ओठ मिटलेले होते. झुंबरबाई खाली मान घालून देठ मोडत होत्या. आणि खोकला आमच्या बाजूनं आलाच नव्हता. तो फोनच्या अगदी जवळचा होता, पदर तोंडात कोंबून खोकावं तसा दबलेला.

पत्रा तापला की वाजतो. बाहेरून काका जात असतील. मी त्यावर गाणं चढवलं आणि रील टाकून दिली. एकशे चाळीस लोकांनी बघितली.

४

नऊ दिवसांनी एक नवा हातवारा आला. डावा तळहात दोनदा उलटासुलटा करायचा, मग दोन बोटं हनुवटीवर टेकवून मान हलकेच वाकडी करायची. सकाळी नऊला मी तो पहिल्यांदा पाहिला, साडेनऊपर्यंत तो सगळीकडे होता. मला तो ओळखीचा वाटला. कुठे बघितला ते आठवेना, म्हणून मी माझ्याच जुन्या रीली चाळल्या.

त्या दुपारच्या रीलमध्ये, माझ्या खांद्यामागे, झुंबरबाईंनी मिरची खाली ठेवली होती. डावा तळहात उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. दोन बोटं हनुवटीवर. मान वाकडी.

तारीख मी तीनदा तपासली.

माणूस दिवसभर हात हलवत असतो, त्यातलं काहीतरी कशाशी तरी जुळणारच. मी स्वतःला हे नीट समजावलं आणि मग ठेवलेल्या सगळ्या फिती काढून बसले. दुसऱ्या एका फितीत झुंबरबाई डोळ्याच्या कोपऱ्यातून दोरा उपसावा तशी चिमूट खाली ओढत होत्या, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. असला हातवारा मी कुठेच पाहिला नव्हता. पाच दिवसांनी तो आला.

"झुंबरबाई, हे कुठे बघितलं तुम्ही? सुनेच्या मोबाईलवर?"

"काय ओ?"

मी करून दाखवलं. त्या ओशाळल्या. "हाताला नाद लागलाय, ताई. समूरची करती, तसं हुतं माझं बी."

"समोरची कोण?"

देठ मोडता मोडता त्यांनी नुसती हनुवटी उचलून स्टँडकडे दाखवलं. "ती. तुमच्या मोबाईलमागं बसती, ती."

मी वळले. स्टँड. स्टँडमागे धण्याची पोती. पोत्यांमागे भिंत.

"मालनबाई," मी हसत विचारलं, "या पोत्यांत कोण बसतं हो?"

"उंदरं," मालनबाई म्हणाल्या. पण त्यांनी मान वळवून बघितलं नाही.

"तिथे कुणी नाहीये, झुंबरबाई."

"उभ्यानं न्हाई दिसत." मग आवाज खाली आणून, एखादीनं उचल मागावी तशा त्या म्हणाल्या, "ताई, मला माझी जागा परत द्या. दाराकडची."

५

मी दिली नाही.

मी कुणाचं वाईट चिंतत नव्हते. मे महिना अर्धा संपला होता, आखाड जवळ येत होता, आणि पहिल्यांदाच मला पाचवा दिवस किंवा दुसरा दिवस नव्हे, तर उणे नववा दिवस मिळाला होता. मी झुंबरबाईंना म्हणाले, "एवढा हंगाम काढा. मग तुम्हाला हवं तिथं बसा." हे वाक्य मला बाबा म्हणायचे. एवढी बारावी काढ. एवढं वर्ष काढ.

त्यानंतर मी फक्त त्यांच्याकडे बघायचे. त्यांनी काही केलं की तेच करून रील टाकायची. आठवडाभर कुणी ढुंकून बघायचं नाही, मग हातवारा देशभर पसरायचा आणि लोक शोधत यायचे की हे सगळ्यात आधी कुणी केलं. सगळ्यात आधी मिरजगावच्या मसालेवाल्या मुलीनं. अकराशे फॉलोअर होते, त्यांचे साठ हजार झाले. नाशिक, सुरत, हैदराबादहून ऑर्डरी आल्या. काका जेवताना चष्मा लावून विचारायला लागले, "कालच्याला किती झाले?" त्यांना तो आकडा तोंडपाठ असायचा. तरीही विचारायचे.

झुंबरबाई जागा मागायच्या थांबल्या. मग बोलायच्याच थांबल्या. चहाला बाहेर जाईनात. मालनबाई कप नेऊन त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि तशाच उलट्या पावली मागे यायच्या, म्हणजे आतल्या भिंतीकडे तोंड व्हायला नको.

एका सकाळी लवंगी मिरची कांडायला घेतली. लवंगीचा खाट असा असतो की रस्त्यावरचा माणूस शिव्या देत पळतो. मालनबाईंची माळ लागली. मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मी रुमालात तोंड खुपसून, वाहत्या डोळ्यांनी झुंबरबाईंकडे बघितलं.

त्या खोकत नव्हत्या. उघड्या तोंडानं, कोरड्या डोळ्यांनी, आरामात बसल्या होत्या. हात वरखाली होत होते.

मग खोकला आला. लांबलचक, आणि शेवटी "आई गं". तो माझ्या पाठीमागून आला. पोत्यांच्या बाजूनं.

शेड पत्र्याची आहे. आवाज आपटून उलटा येतो. हे विज्ञान मी शाळेत शिकले आहे. मी ते त्या दिवशी दहा वेळा मनात म्हटलं.

६

दोन दिवसांनी झुंबरबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर गेले. चौकशीला गेले असं मी काकांना सांगितलं. खरं म्हणजे माझ्याकडे टाकायला काही उरलं नव्हतं.

त्यांची सून रेश्मा ओट्यावर ज्वारी पाखडत होती. माझ्याच वयाची. तिनं मला या म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

"हायत आत. बघा."

झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. भिंतीला निळा चुना, त्यावर काही नाही. त्यांचे हात चालले होते.

"जेवतात का?" मी विचारलं.

"मी भरवती. त्यांचे हात मोकळे कुठं हायत?" रेश्मा सूप आपटून म्हणाली. "तुमचे व्हिडिओ बघती मी. लई हसता तुमी त्यात."

मी झुंबरबाईंजवळ उकिडवी बसले. "झुंबरबाई, मी मनवा. तुमची जागा देते. दाराकडची. उद्यापासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी त्या बोलल्या, आणि आवाज अगदी नेहमीचा होता, कामाचा. "माज्या जागेवं कोन बसलंय?"

"कुणीच नाही. मोकळी आहे."

"मोकळी ठेवू नगा." हात थांबले नाहीत. "समूर कुनी नसलं, तर ती उठंल."

मग त्यांनी एक नवीन गोष्ट केली. दोन्ही तळहात समोर नेले, हवेत, एकमेकांपासून तोंडाएवढ्या अंतरावर. कुणाचा तरी चेहरा दोन्ही गालांवर धरावा तसे. आणि तो न दिसणारा चेहरा सावकाश, फार प्रेमानं, स्वतःकडे वळवला.

काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. डॉक्टरला बोलवायला हवं होतं, रेश्माची माफी मागायला हवी होती, निदान उठून जायला हवं होतं.

मी फोन काढला आणि बारा सेकंद घेतलं.

७

ती रील मी तशीच टाकली, त्यांच्या हातांची. यावेळी नऊ दिवसही लागले नाहीत. सुरतचा एक दंतवैद्य, दोन नवऱ्या, कुठल्यातरी शाळेचा अख्खा वर्ग, बसस्टँडवरचा पोलीस, सगळे हवेतला चेहरा दोन्ही हातांत धरून वळवत होते. सगळे हसत होते. मी एकेक बघत गेले आणि माझ्या लक्षात आलं की ते हवेत धरतात खरं, पण वळवतात एकाच दिशेला. फोनकडे.

साठ हजारांचे दोन लाख झाले. बाबांचा फोन आला. "बी.एड.चं राहू दे मग," ते म्हणाले. एवढंच. मी जिंकले होते. आनंद व्हायला मी थोडा वेळ वाट बघितली.

झुंबरबाईंना नगरच्या दवाखान्यात नेलं होतं. काकांनी खर्च उचलला. रेश्मा माझा फोन घेत नव्हती.

शेडमध्ये त्यांचं बारदान तसंच होतं. मी मालनबाईंना विचारलं, बसता का. मालनबाई, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला चार उत्तरं असायची, त्यांनी नुसती मान हलवली. "आमी दाराकडं बऱ्या."

"आणि नाहीच कुणी बसलं तर?"

"मला काय इचारता, ताई? तुमीच तर कारन मागायच्या."

त्या आठवड्यात रोज सकाळी मला स्टँड थोडं पुढे सरकलेलं दिसायचं. आधी टीचभर. मग हातभर. मागची दोन पोती कुणीतरी उठताना रेलावं तशी कलली होती. उंदीर, मी म्हणाले. स्टँड मी पुन्हा मागे नेऊन ठेवायचे, आणि तेवढं करून लगबगीनं दारात येऊन उभी राहायचे.

८

आखाड लागायच्या आदल्या दिवशी काका शेडमध्ये आले. "सात दिवस झाले, काही टाकलं नाहीस. आकडा खाली यायला लागलाय."

"काका, मागे कुणी बसायला नाही."

"मग तू बस. मी चालू करतो, आता येतं मला." ते स्टँडपाशी जाऊन उभे राहिले. उभे. त्यांना काही दिसायचं कारण नव्हतं.

नाही म्हणता आलं असतं. पण आदल्या दिवशीपेक्षा स्टँड आणखी पुढे आलेलं होतं, आणि काका त्याच्या अगदी शेजारी होते, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: मोकळी ठेवू नगा.

मी पिवळ्या भिंतीला पाठ लावून बारदानावर बसले. मिरच्या पुढे ओढल्या. पदर नव्हता. मी ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेतली.

उभं राहून त्या भिंतीशी नुसती पोती दिसतात. बसल्यावर स्टँडच्या तीन पायांमधून आरपार दिसतं. पोत्यांपुढे कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. मला गुडघे दिसले, त्यांवर ताणलेलं जुनं लुगडं. मांडीत दोन हात. बोटं नखांपर्यंत लाल होती, वर्षानुवर्षं मिरची मोडलेल्या बाईची असतात तशी. वर खांदे दिसले. खांद्यांच्या वर, चेहऱ्याच्या बरोबर जागी, माझा फोन होता. तो चेहरा त्यानं पूर्ण झाकला होता. इतके महिने मी त्या फोनकडे बघून हसत होते.

लाल हात मांडीतून उठले. फोनच्या दोन्ही बाजूंना आले.

"काका," मी म्हणाले, "मला जागा बदलायची आहे."

"अगं, आत्ता कुठे जमायला लागलंय. एवढा हंगाम काढ." काकांनी वाकून बटण दाबलं. "आणि कॅमेऱ्याकडे बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"मिरच्यांकडे बघ."

मी मिरच्यांकडे बघितलं. माझे हात त्यांत नव्हते. ते आधीच वर गेले होते.

दाराशी मनकर्णाबाईंनी यंत्र सुरू केलं. लवंगी होती. शेड लाल धुरळ्यानं भरत गेली. मालनबाईंची माळ लागली. काकांनी खिशातून रुमाल काढला, त्यांनाही ठसका आवरेना. मी तोंड उघडं ठेवून, कोरड्या डोळ्यांनी वाट बघत राहिले.

माझा खोकला समोरून आला.